टीव्ही गेम खेळायचा तर पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच. जुने टीव्ही भंगारात देऊ नका

पाचपाखाडीकर:
आमच्या सोसायटीत गेल्या रविवारी ई-कचऱ्याची गाडी यायची होती. शनिवारी रात्रीच जिन्याखाली ढीग लागला. त्यात पिक्चर ट्यूबचे सात टीव्ही होते. त्यातला एक 21 इंची मी वर उचलून आणला. का आणला, ते सांगतो.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर माझा जुना टीव्ही गेम सापडला. सातवीच्या परीक्षेनंतर बाबांनी ठाणे स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेला. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम यंत्राची नक्कल, त्या काळी सगळ्यांकडे असायची तीच. दोन रिमोट (आम्ही रिमोटच म्हणायचो), एक बंदूक, चार कॅसेट. अ‍ॅडॉप्टर बदलला आणि लाल दिवा लागला. अकरा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून घरच्या एलईडी टीव्हीला जोडला. चित्र आलं, पण मारिओ बटण दाबल्यावर किंचित उशिरा उडी मारायचा आणि थेट खड्ड्यात जायचा. बंदुकीने बदकं पाडायच्या डक हंटमध्ये तर एकही बदक पडेना. मुलगा म्हणाला, "बाबा, बंदूक बिघडलीय."

बंदूक बिघडलेली नव्हती. ती गोळी सोडत नाही, उजेड बघते. ट्रिगर ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या डोळ्याला नेमक्या त्या क्षणी पांढरं दिसलं तर बदक पडतं. हा हिशोब सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाचा. पिक्चर ट्यूब आलेला सिग्नल त्याच क्षणी रेघ रेघ करत पडद्यावर काढते. एलईडी टीव्ही तो आधी आत घेतो, घासूनपुसून मोठा करतो आणि मग दाखवतो. तेवढ्यात बंदुकीची वेळ टळलेली असते.

ढिगातल्या टीव्हीवर लावला. केबल अँटेनाच्या भोकात, मग चॅनल शोधत बसलो. मुंग्यांमधून हळूहळू निळं आकाश वर आलं आणि मुलाने पहिल्याच फटक्यात बदक पाडलं. तो जागेवरून उठून उभाच राहिला.

माझं म्हणणं एवढंच की कॅसेट, टीव्ही आणि बंदूक मिळून तो एक खेळ आहे. टीव्ही काढून घेतला की नुसतं चित्र उरतं. मोबाइलवर चारशे गेमचं अ‍ॅप टाकून "आम्हीही मारिओ खेळतो" म्हणणाऱ्यांनी तो खेळलेलाच नाही. दुसरं असं की त्यात सेव्ह नव्हतं. लाइफ संपल्या की पुन्हा पहिल्या स्टेजपासून. आमच्या पिढीला चिकाटी आली ती तिथून.

नेरूळचा बाबा:
बंदुकीचं पटलं, चिकाटीचं नाही. माझा मुलगा ऑनलाइन खेळतो. त्याचा कोल्हापूरचा मावसभाऊ आणि तो रोज रात्री तासभर बोलतात ते खेळता खेळताच. आम्ही मावसभाऊ उन्हाळ्यात एकदा भेटायचो. एका खोलीत बसून खेळलं तरच खेळ, हे मला मान्य नाही. तुमचा मुलगा उठून उभा राहिला, कारण त्या वेळी तुम्ही त्याच्या शेजारी होतात.

वाशीचा टीव्हीवाला:
मी बावीस वर्षं वाशीत टीव्ही दुरुस्त केले. आता एसी करतो. पाचपाखाडीकर, तुमच्या भावना समजतात, पण "जुने टीव्ही भंगारात देऊ नका" असं जाहीर लिहिणं बरोबर नाही. लोक ऐकतात आणि मग बिघडलेला टीव्ही स्वतः उघडून बसतात.

रंगीत ट्यूबला ईएचटीमधून (टीव्हीतला जास्त व्होल्टचा भाग) वीस-पंचवीस हजार व्होल्ट जातात. प्लग काढून ठेवला तरी ट्यूबमध्ये चार्ज राहू शकतो. एनोडच्या रबरी टोपीखाली बोट घातलं तर माणूस मागच्या भिंतीवर आपटतो. माझ्या हाताखालचा पोरगा आपटलेला मी बघितलाय. दुसरी गोष्ट, त्या काचेत शिसं असतं. घरात पडून फुटली तर ती केराच्या डब्यात टाकायची वस्तू नाही, तिची जागा अधिकृत ई-कचरा केंद्रातच. तिसरी, नवी ट्यूब आता मिळत नाही. ट्यूबची मागची मान (नेक) फुटली किंवा ट्यूब थकून चित्र फिकं पडलं (एमिशन गेलं) की तो टीव्ही संपला. आठ-आठशे फ्लॅटच्या कॉम्प्लेक्समध्ये घरोघरी एकेक ठेवायचा का? वनबीएचकेत माणसांना जागा नाही.

पाचपाखाडीकर:
दादा, उघडण्याबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. मी मागचं झाकण काढलेलं नाही आणि कोणीही काढू नये. पण नवी ट्यूब मिळत नाही म्हणूनच तर चालू टीव्ही मोडीत जाऊ नये असं मला वाटतं. सातपैकी निदान चार चालू होते. मी लावून बघितले.

कळव्याची:
मला या चर्चेत थोडं वेगळं बोलायचं आहे. सगळे शेजारी बसण्याबद्दल बोलताय. शेजारी बसणारी मी होते.

आमच्याकडे गेम आला तेव्हा मी आठ वर्षांची, दादा अकरा. पहिला रिमोट दादाचा, दुसरा माझा. माझ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं. गेम सुरू करायचा दादाने, थांबवायचा दादाने. मला पाणी प्यायला जायचं असलं तरी त्याला विचारायचं. मारिओत दोघांचा डाव लावला की एक मेला की दुसऱ्याचा नंबर. दादा वीस-वीस मिनिटं मरायचा नाही. मग माझा खेळाडू, मारिओचा हिरवा भाऊ, यायचा, दहा पावलं चालायचा आणि पहिल्याच तपकिरी राक्षसाला धडकायचा. "झालं, दे." हात बसायला खेळायला मिळायला लागतं, आणि खेळायला मिळायला हात बसलेला लागतो. काँट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये दोघं एकदम असतात, पण तिसऱ्या स्टेजला धबधब्याच्या दगडांवर उड्या मारत वर चढायचं असतं. दादा वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकायचा आणि मी खाली राहून मरायचे. तो मुद्दाम नाही करायचा. मी हळू होते.

दादा दुपारी क्लासला गेला की मी पहिला रिमोट घ्यायचे. आजी झोपलेली असायची, म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. त्या दुपारी मी पहिल्यांदा किल्ल्यापर्यंत पोचले, खाली लाव्हा, फिरणारे आगीचे गोळे. सगळं मुकं.

चौतिसाव्या वर्षी फोनवर तोच गेम टाकला. कळवा ते दादर, कानात इयरफोन. किल्ल्यात शिरले आणि ते भीती घालणारं संगीत मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. वेळ शंभराच्या खाली आला की चाल एकदम जलद होते, हेही मला तोवर माहीत नव्हतं. मुलुंड कधी गेलं कळलं नाही.

पाचपाखाडीकर, मोबाइलवर खेळणाऱ्यांनी तो खेळलेलाच नाही असं तुम्ही लिहिलंत. मी तो मोबाइलवरच खेळले. त्याआधी बघितला होता.

ऐरोली26:
ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. स्टार्ट बटणाबद्दल सांगतो, कारण ते तुमच्याच घरात नव्हतं असं नाही. जपानमध्ये जुलै 1983 मध्ये आलेल्या मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरलाही स्टार्ट आणि सिलेक्ट नव्हते. त्या जागी माइक होता. नक्कल करणाऱ्या पुष्कळांनी माइक काढून टाकला आणि बटणंही घातली नाहीत. म्हणजे हे यंत्रातच तसं होतं.

मी 26 वर्षांचा आहे, पिक्चर ट्यूबवर कधीच खेळलो नाही, आणि हे गेम मला मनापासून आवडतात. आठवणींमुळे आवडणं शक्यच नाही, माझ्या तशा आठवणी नाहीत. अख्खा सुपर मारिओ 40 केबीत बसवलाय. व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक फोटो त्यापेक्षा मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच आकाराचं केलं, फक्त रंग बदलला. एकदा लक्षात आलं की दर वेळी दिसतं. आणि आठ जगांच्या बत्तीस स्टेज त्यात आहेत. हे कौतुक करायला टीव्ही कुठला हे महत्त्वाचं नाही.

ट्यूब मरणार, कॅपॅसिटर फुगणार, कॅसेटच्या पट्ट्या गंजणार. (फुंकर मारल्याने कॅसेट चालायची नाही, ती काढून परत बसवल्याने चालायची. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पट्ट्या खराब व्हायच्या.) अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे 2010 पूर्वी आलेल्या गेमपैकी 87 टक्के बाजारात कुठल्याच रूपात मिळत नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. हे गेम जगले तर एम्युलेटरमुळेच (फोनवर-संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) जगतील.

कळव्याची:
ऐरोली26, बटणाची माहिती दिलीत, बरं वाटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं आमचाच सेट स्वस्तातला होता. पण यंत्रात दुसऱ्या रिमोटला बटण नव्हतं एवढंच त्यातून कळतं. दुसरा रिमोट कायम माझ्याकडेच का होता, ते यंत्राने ठरवलेलं नव्हतं.

कोपरखैरणेकर:
रिमोट कोणाचा यावर भांडण व्हायला आधी घरात गेम लागतो. आमचे वडील माथाडी, बाजार समितीत. आमच्या अख्ख्या ओळीत कोणाकडे गेम नव्हता. दोन गल्ल्या सोडून एकाने बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत तीन टीव्ही लावले होते. अर्ध्या तासाला पाच रुपये. अलार्मचं घड्याळ टीव्हीवर ठेवलेलं. वाजलं की तो खटका बंद करायचा, मग तुम्ही शेवटच्या राक्षसासमोर का असेना.

म्हणून चिकाटी आली वगैरे मला लागू नाही. अर्ध्या तासात जास्तीत जास्त खेळायचं, एवढंच डोक्यात. काँट्रात तीस लाइफ मिळवायला बटणं दाबायचा क्रम, वर वर खाली खाली, एका मोठ्या पोराने मला शिकवला, त्या बदल्यात मी त्याचा दप्तराचा भार आठवडाभर वाहिला. नंतर वाचलं की ती युक्ती मुळात ग्रेडियस या दुसऱ्या गेमसाठी, 1986 मध्ये, कोनामी या गेम कंपनीच्या काझुहिसा हाशिमोटो यांनी टाकली होती, कारण तपासताना तो गेम त्यांनाच जमत नव्हता. बनवणाऱ्याला जे जमत नव्हतं ते लहान पोरांनी पहिल्यापासून पुन्हा पुन्हा खेळावं, यात चिकाटी कसली? तो गेम तेवढा अवघडच होता.

पण शेजारी बसण्याबद्दल मी पाचपाखाडीकरांच्या बाजूने आहे. पैसे वाचवायला दोघांत अर्धा तास घ्यायचो. मी आणि जो समोर येईल तो. टँकचा गेम लावायचो. खाली विटांच्या आत गरुड, तो वाचवायचा, वीस शत्रू टँक संपवायचे. त्यात आपली गोळी जोडीदाराला लागली तर त्याचा टँक थोडा वेळ जागच्या जागी गोठतो. आणि आपल्याच गोळीने आपला गरुड फुटू शकतो. अनोळखी पोराबरोबर न बोलता वाटणी व्हायची, तू डावीकडून, मी गरुडाजवळ. एक पोरगा होता, तो बोलायचाच नाही. त्याने मला कधी गोळी मारली नाही. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. हे मोबाइलवर एकट्याने खेळून होत नाही, ऐरोली26. मी बघितलंय खेळून.

नेरूळचा बाबा:
ते ऑनलाइनही होतं. नाव माहीत नसलेला जोडीदार तिथेही असतो.

कोपरखैरणेकर:
असतो, पण त्याच्या कोपराचा धक्का लागत नाही.

वाशीचा टीव्हीवाला:
मी माझं म्हणणं सोडत नाही, पण पाचपाखाडीकरांना एक मार्ग सांगतो. सात घरांत सात टीव्ही नकोत. चालू असलेल्यांतला सगळ्यात चांगला एक सोसायटीच्या ऑफिसात ठेवा, भक्कम टेबलावर, लहान मुलांनी ओढला तरी पुढे कलंडणार नाही असा. जड भाग पुढच्या काचेचा असतो, लक्षात ठेवा. ओल नसलेली भिंत बघा. महिन्यातून एकदा तासभर चालवा. बाकीचे गाडीला द्या, शिसं योग्य ठिकाणी जाऊ दे. माझ्याकडे ट्यूनिंगचे सुटे भाग पडून आहेत, हवे तर घेऊन जा.

पाचपाखाडीकर:
दादा, हे मी आजच्या कमिटीत मांडतो. सुटे भाग न्यायला शनिवारी येतो.

मोबाइलवर खेळणाऱ्यांनी खेळलेलाच नाही, हे वाक्य मी मागे घेतो. ते मी बंदुकीच्या आनंदात लिहिलं. कळव्याच्या ताईंनी जे लिहिलं ते वाचून मी माझ्या धाकट्या बहिणीला फोन केला. तिला विचारलं, तुला काय आठवतं. ती म्हणाली, "कॅसेट बदलून द्यायचं काम माझ्याकडे होतं." मला ते आठवतच नव्हतं.

एम्युलेटरने गेम जगेल, हेही मानतो. पण ऐरोली26, तू एकदा ये आणि ट्यूबवर खेळून बघ. तुझ्या फोनवर मारिओचे चौकोन धारदार दिसतात. ट्यूबवर एक रेघ दुसरीत मिसळते, कडा मऊ होतात. त्या काळचे गेम काढणारे ते याच पडद्यावर बघत होते. डक हंट तर तुझ्याकडे बोटानेच खेळावा लागतो. त्या मुद्द्यावर मी हटणार नाही.

ऐरोली26:
डक हंटचं कबूल, त्याला तोड नाही. येतो. पण मी फोनवर टाकलेला मारिओ तुमच्या मुलालाही देणार, सेव्हसकट.

कळव्याची:
रविवारी अकराला चालेल का? माझी सात वर्षांची मुलगी बरोबर असेल. पहिला रिमोट तिच्याकडे, आणि ती मेली की माझ्याकडे. आवाज चालू ठेवा.