मदत हवी आहे: सोलर फिल्टरला बारीक भोकं पडलीत, वापरू की टाकून देऊ?

नमस्कार मंडळी, मी गुहागरचा. माझ्याकडे ७० मिमीचा रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) आहे, २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाच्या वेळी दुर्बिणीच्या तोंडावर लावायची सोलर फिल्म (सूर्यप्रकाश कमी करणारा पातळ पडदा, म्हणजेच फिल्टर) आणून पुठ्ठ्याच्या रिंगमध्ये बसवलेली, तेव्हापासून वाडीतली पोरं सुट्टीत सौरडाग बघायला येतात. काल वापरायच्या आधी सवयीप्रमाणे फिल्म बल्बसमोर धरली तर कडेला टाचणीच्या टोकाएवढे दोन ठिपके लख्ख चमकले, आणि मधे पांढुरकं बुरशीसारखं पण दिसतंय, खाऱ्या हवेनं झालं असेल का? मी लगेच दुर्बीण आत ठेवली, पोरं हिरमुसली पण डोळ्यांशी खेळ नको.

ही फिल्म १ लाखातला १ भाग प्रकाशच आत सोडते, म्हणून भोकाची भीती वाटते. कोणी म्हणतं काळा मार्कर लाव, चालेल का ते, की नवीनच घेऊ? आयपीसला (डोळा लावतो त्या भिंगाला) लावायची काळी काच सोबत मिळालेली, ती उष्णतेनं तडकते म्हणून कधीच वापरली नाही, फाइंडरलाही (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीलाही) झाकण असतं. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास आहे, पण पावसाळा, तोवर नवी फिल्म दमट हवेत कशी जपायची तेही कोकणातल्या कोणी अनुभवी माणसानं सांगा प्लीज.