मिराजला गोटेक बसवलाय, पण सुरू होत नाही?

मिराज या जुन्या सॅम्पलरमध्ये (साठवलेले आवाज वाजवणाऱ्या कीबोर्डमध्ये) फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेक, म्हणजे पेनड्राइव्हलाच फ्लॉपी म्हणून दाखवणारा ड्राइव्ह, बसवलाय. पेनड्राइव्हवर इमेज (फ्लॉपीची हुबेहूब नक्कल असलेली फाइल) टाकूनही मिराज ढिम्म हलत नाही, अशी तक्रार असेल तर गोटेक खराब असेलच असं नाही. गोम बहुतेक इमेजमध्ये आहे. १९८४ च्या एन्सोनिक मिराजची फ्लॉपी पीसीसारखी नसते. दर ट्रॅकला (चकतीवरच्या गोल पट्टीला) १०२४ बाइटचे पाच सेक्टर (तुकडे) आणि शेवटी ५१२ चा एक, असे ८० ट्रॅक, तेही एकाच बाजूला. म्हणजे सगळी मिळून ४४० केबी! गोटेकच्या मूळ फर्मवेअरला (आतल्या सॉफ्टवेअरला) हे कडबोळं कळत नाही. त्यावर फ्लॅशफ्लॉपी किंवा एचएक्ससी हे पर्यायी फर्मवेअर चढवा आणि इमेज एचएफई या फाइल स्वरूपात द्या.

आणि हो, मिराजची ऑपरेटिंग सिस्टिम रॉममध्ये (आतल्या कायमच्या चिपमध्ये) नसते, फ्लॉपीवरूनच चढते. त्यामुळे गोटेकच्या पहिल्या स्लॉटमध्ये (इमेजच्या पहिल्या क्रमांकावर) सिस्टिम असलेलीच इमेज ठेवा. नुसते आवाज ठेवलेत तर बसा डिस्प्लेवरच्या आकड्यांकडे बघत.

तरीही अडलं तर गोटेकचा जंपर (ड्राइव्हचा क्रमांक ठरवणारी पिनांवरची छोटी टोपी) जुन्या ड्राइव्हच्या सिलेक्टशी, म्हणजे त्याच्या क्रमांकाशी, जुळतो का ते पाहा. जुना ड्राइव्ह मात्र भंगारात देऊ नका. मूळ फ्लॉप्यांच्या इमेज काढून होईपर्यंत तरी सांभाळा, बुरशी लागलेल्या फ्लॉपीला दुसरी संधी क्वचितच मिळते.