टेनिसचं एकच कोर्ट पुरे
मोकळ्या जागेत खेळांची मैदानं आखायची तर "आधी दोन टेनिस कोर्टं आखा, उरलेल्या जागेत बाकीचं बघू" असं सुचवलं जातं, पण हे गणित मला उलटं वाटतं. टेनिसच्या रेषा 23.77 बाय 10.97 मीटर, पण भोवतालची मोकळी जागा धरली की एक कोर्ट साधारण 36 बाय 18 मीटर खातं. खेळणार जास्तीत जास्त चौघं! तेवढ्यातच पिकलबॉलची (छोटी बॅट आणि भोकांच्या प्लास्टिक चेंडूचा, टेनिससारखा खेळ) चार कोर्टं बसतात, म्हणजे सोळा जण.

उघड्यावर बॅडमिंटन नकोच, वाऱ्यापुढे शटलचं काही चालत नाही. कोर्टांची लांबी मात्र उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर संध्याकाळी एका बाजूच्याच्या डोळ्यांत ऊन.

आणि कबड्डीला 13 बाय 10 मीटरचं मातीचं मैदान आत्ताच राखा. आमच्याकडे "नंतर बघू" म्हणाले, आता पोरं पार्किंगमध्ये गुडघे फोडून घेतात.