मदत हवी आहे : वडिलांना यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या ग्रंथालयात न्यायचे आहे

नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात राहतो. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, पंचायत समितीतून लिपिक म्हणून निवृत्त झाले असून त्यांचे वय आता ७९ आहे. मुंबईतील मंत्रालयाजवळच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानचे ग्रंथालय एकदा डोळ्यांनी पाहावे आणि तेथे दोन दिवस बसून वाचावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा आहे.

वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांच्या मुलांना यशवंतरावांच्या सरकारने फी माफ केली नसती, तर मी हायस्कूलच पुरे केले नसते, असे ते आजही सांगतात. मात्र त्यांना तेथे केवळ कृतज्ञतेपोटी जायचे नाही. त्यांच्याकडे एक जुनी रजिस्टरवही आहे. तिच्यात त्यांनी खळीने कात्रणे चिकटवली आहेत, काही पानांना कसरीने भोके पाडली आहेत. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या तो दिवस १ मे १९६२. त्याविषयीच्या कात्रणाशेजारी समासात निळ्या शाईने लिहिले आहे : ‘तालुका का नाही? जिल्हाच का?’

हा प्रश्न त्यांच्या नोकरीतून आलेला आहे. केंद्र सरकारने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने विकासाच्या कामात तालुका पातळीवरील समितीला महत्त्व दिले होते. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीने मात्र जिल्हा परिषदेला बळ द्यावे असे सुचवले आणि त्यावरून १९६१ चा कायदा झाला. पंचायत समितीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा निर्णय घेताना काय बोलले गेले हे जाणून घ्यावेसे वाटते, याचे मला मनापासून अप्रूप आहे. यशवंतरावांचे आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ आमच्या घरी आहे, परंतु ते १९४६ च्या सुमारास थांबते आणि पुढचे खंड पुरे होण्याआधीच २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते गेले. त्यामुळे त्या काळातील भाषणे, नाईक समितीचा अहवाल आणि विधिमंडळातील चर्चा यांचाच आधार उरतो.

ज्यांनी या ग्रंथालयात बसून वाचन केले आहे, त्यांनी कृपया सांगावे की सभासद नसलेल्या बाहेरगावच्या वाचकाला तेथे बसू देतात का, ओळखपत्राखेरीज एखादे पत्र लागते का, आणि ही कागदपत्रे तेथेच मिळतील की त्यांसाठी विधानमंडळाच्या ग्रंथालयाकडे अर्ज करावा लागेल. कऱ्हाडला सौ. वेणूताई चव्हाण स्मारकात यशवंतरावांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह आहे. अण्णांना प्रीतिसंगमावर समाधीचे दर्शनही घ्यायचे आहे, पण या वयात दोन्हीकडचा प्रवास एका दमात झेपणार नाही. त्यांच्या प्रश्नासाठी आधी कोठे जावे? माझा कल मुंबईकडे आहे, कारण परभणीहून रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसले की सकाळी सीएसएमटीला उतरता येते.

प्रतिष्ठानच्या सभागृहांत व्याख्याने आणि पुस्तक प्रकाशने होतात, त्यांपैकी एखादे त्यांना ऐकवावे असे वाटते. आगाऊ प्रवेशिका घ्यावी लागते की आयत्या वेळी जाऊन बसता येते? कार्यक्रम संध्याकाळी असेल, तर तो संपवून रात्रीची परतीची गाडी गाठणे जमते का, हे मुंबईकरांनी अनुभवावरून सांगावे.

शेवटची विचारणा त्यांच्या गुडघ्यांबद्दल आहे. प्रवेशद्वारापासून उद्वाहनापर्यंत किती पायऱ्या आहेत, सामान ठेवायला जागा मिळते का आणि जवळपास साधे जेवण कोठे मिळेल? अण्णा सकाळी दहा ते एक एवढाच वेळ नीट वाचू शकतात, पुढे डोळ्यांना पाणी येते. म्हणून ग्रंथालय सकाळी किती वाजता उघडते हे कळले, तर त्याप्रमाणे मी तिकिटे काढीन. वही त्यांनी आतापासूनच पिशवीत भरून ठेवली आहे.