28 दिवसांत निकाल म्हणे! पैसे कधी?

ठाणेकर_ठेकेदार
काल इथे एका विलायतवासी बंधूंनी लिहिलं, इंग्लंडसारखं अ‍ॅज्युडिकेशन आणा (लवादाआधी तटस्थ माणसाने दिलेला झटपट निर्णय), बांधकामातली थकबाकी 28 दिवसांत मिटेल. डोकं फिरलं वाचून. निर्णय तर आमच्याकडे डीआरबी, म्हणजे करारातलं वाद मिटवणारं मंडळ, तेही देतं. पुढे? समोरचा "मान्य नाही" म्हणत लवादात जातो. तिथला निवाडा आला की कलम 34 खाली कोर्टात आव्हान, मग 37 खाली अपील, मग दिल्लीत सुप्रीम कोर्ट. दिल्लीच्या एअरपोर्ट मेट्रोचंच बघा. रिलायन्सच्या कंपनीच्या बाजूने 2017चा निवाडा, व्याज सोडून 2,782 कोटी. 2021मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केला आणि एप्रिल 2024मध्ये क्युरेटिव्ह याचिकेवर (फेरविचाराची शेवटची संधी) त्याच कोर्टाने उडवला. रिलायन्सवाल्यांची ही गत, मी तर शटरिंग करतो.

रेडिंगचा_क्यूएस
तो बंधू मीच. दादा, अर्धंच वाचलंत. खरी गंमत कोर्टाच्या वागण्यात आहे. इथला अ‍ॅज्युडिकेशनचा कायदा 1996चा, लागू 1998पासून. 1999च्या मेकॉब खटल्यात न्या. डायसन यांनी स्पष्ट केलं, निर्णय चुकीचा असला तरी आधी पैसे द्या, भांडण नंतर. बचाव मोजकेच उरतात. निर्णय देणाऱ्याला अधिकारच नव्हता, किंवा आमची बाजू ऐकली नाही.

वकील_नागपूर
"चुकीचा असला तरी" हे सगळ्यांनी परत वाचा. तिथलाच खटला, बुईग विरुद्ध डाल-येन्सन, 2000. रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) अजून देय नव्हतं, तरी हिशेबात धरून रक्कम काढली. चूक उघड दिसत होती. कोर्ट म्हणालं, प्रश्न योग्य होता, उत्तर चुकलं, म्हणून निर्णय कायम! असं तुमच्या अंगावर आलं तर पहिले माझ्याच ऑफिसात याल.

रेडिंगचा_क्यूएस
पुढचं सोयीने गाळलंत, वकीलसाहेब. डाल-येन्सन दिवाळखोरीत होती, म्हणून वसुलीला स्थगितीही त्याच कोर्टाने दिली.

वकील_नागपूर
आणि आपल्याकडे निवाड्याला आव्हान दिलं की मिळणारी आपोआप स्थगिती 2015च्या दुरुस्तीने गेली, 2019मध्ये एचसीसी (हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन) खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला, हे तुम्ही गाळलंत. फिट्टंफाट.

ठाणेकर_ठेकेदार
साहेब, स्थगितीसाठी समोरचा पैसे भरतो ते कोर्टात. मला उचलायचे तर बँक गॅरंटी द्या. बँक म्हणते, मार्जिन आणा, तारण आणा. तारण असतं तर आम्हा शटरिंगवाल्यांचे हप्ते थकले असते का?

साईटवरची_ताई
रिटेन्शनचा विषय निघालाच आहे तर ऐका. इलेक्ट्रिकलचं काम करते. मेन कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण रकमेचं बिल लागतं. बिल फाडलं की जीएसटी मी भरायचा, पैसे मात्र "वरून आले की". रिटेन्शनवरचाही टॅक्स खिशातून. आधी हे सोडवा, मग लंडन.

पुण्याचा_सीए
ताई, करारात रिटेन्शनची देय तारीख वेगळी लिहून घ्या, त्याचं बिल तेव्हा काढा. शिवाय 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर मेन कॉन्ट्रॅक्टरला त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं. एक पत्र टाका, हलतील.

साईटवरची_ताई
पत्र टाकायचं? परवा पुढचा टॉवर दुसऱ्याला जाईल. आणि "लिहून घ्या" म्हणे! करार छापील येतो, आम्ही सही कुठे करायची तेवढं विचारतो. एसीत बसून सल्ले देऊ नका.

पुण्याचा_सीए
एसी बंद आहे, महावितरणची कृपा. पण कायदा वापरायचाच नाही तर रडताय कशाला?

ठाणेकर_ठेकेदार
ओ सीए, तोंड सांभाळा. मी गेलो होतो एमएसएमई काउन्सिलकडे, लघुउद्योगांची थकबाकी मिटवतात तिथे. "वर्क्स कॉन्ट्रॅक्ट (माल-मजुरी एकत्र) आहे, इथे बसत नाही" म्हणून परत आलो. वापरला ना कायदा?

वकील_नागपूर
मुंबई हायकोर्टाचा तसा निकाल आहे खरा. एवढ्यापुरतं ठेकेदार बरोबर, बाकी नाही.

ठाणेकर_ठेकेदार
उपकार झाले. रेडिंगवाल्यांचंही एवढं मान्य, की कोर्ट "आधी पैसे" म्हणून खरंच ठाम राहिलं तर चुकीचा निर्णयही मला चालेल. नाहीतर ते अ‍ॅज्युडिकेशन म्हणजे आणखी एक फी.

रेडिंगचा_क्यूएस
चला, कुठेतरी जुळलं. ताई, इथे इंग्लंडात मार्च 2021पासून बांधकामात सब-कॉन्ट्रॅक्टरच्या बिलावरचा व्हॅट (आपल्या जीएसटीसारखा टॅक्स) बहुतेक वेळा वरचा कॉन्ट्रॅक्टरच हिशेबात धरतो.

साईटवरची_ताई
मग हे आधी सांगायचं की! अ‍ॅज्युडिकेशन राहू द्या, तो व्हॅटचा नियम पाठवा.