प्राग शहर पाहायला गाइडसोबतचा अर्धा दिवस पुरेसा होतो का?

प्रतापनगरकर:

नमस्कार. येत्या मे महिन्यात मी, माझे यजमान आणि माझ्या एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई असे आम्ही तिघे मध्य युरोपला जाण्याचा विचार करीत आहोत. सासूबाईंनी नागपुरातल्या एका शाळेत तीस-बत्तीस वर्षे इतिहास शिकवला. सतराव्या शतकात युरोपात झालेल्या तीस वर्षांच्या युद्धाचा धडा शिकवताना प्रागच्या राजवाड्यातील ज्या खिडकीचा उल्लेख त्या दरवर्षी करीत असत, ती खिडकी एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढी एकच इच्छा त्यांनी बोलून दाखवली आणि त्यातूनच हा बेत ठरला.

आमच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला चाळीस जणांच्या सहलीचा. त्यात दहा दिवसांत पाच देश आहेत आणि प्रागला एकच मुक्काम आहे. कार्यक्रमपत्रिकेत "सकाळी स्थानिक गाइडसह पॅनोरॅमिक टूर, प्राग किल्ला, चार्ल्स पूल व खगोलीय घड्याळ येथे फोटो स्टॉप, दुपारनंतर खरेदीसाठी मोकळा वेळ" एवढेच लिहिले आहे. दुसरा मार्ग म्हणजे तिथे तीन रात्री आपले आपण राहून एखादा गाइड ठरवणे. त्यात सगळी व्यवस्था आपल्यालाच पाहावी लागेल आणि आमच्यापैकी कोणीही याआधी देशाबाहेर गेलेले नाही. सासूबाई रोज सकाळी अंबाझरीच्या काठाने अर्धा तास सावकाश चालतात, मात्र जिने चढता-उतरताना त्यांचे गुडघे दुखतात. ज्यांनी हे शहर पाहिले आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावे.

धंतोलीकर:

ताई, मी प्राग दोनदा पाहिले. पहिल्यांदा अशाच मोठ्या सहलीतून आणि दुसऱ्यांदा पत्नीसह तीन रात्री राहून. म्हणून आधी कार्यक्रमपत्रिकेतल्या शब्दांविषयी सांगतो. "पॅनोरॅमिक टूर" म्हणजे बहुतांशी बसच्या काचेतून दिसणारे शहर आणि "फोटो स्टॉप" म्हणजे इमारतीबाहेर दहा-पंधरा मिनिटे. "प्रवेश समाविष्ट" हे शब्द स्पष्ट लिहिलेले नसतील, तर आत जायला मिळत नाही असेच धरून चालावे. सासूबाईंची खिडकी किल्ल्याच्या आवारातील जुन्या राजवाड्यात आहे आणि तिथे तिकीट काढूनच जावे लागते. फोटो स्टॉपमध्ये ती दिसणार नाही. माझ्या मते हा प्रश्न इथेच निकालात निघतो.

शहराची रचना लक्षात घेतली तर पुढचे सोपे होते. व्ल्तावा नदीच्या डाव्या तीरावर टेकडी असून तिच्यावर किल्ला आहे, उजव्या तीरावर जुने शहर आहे आणि दोन्ही तीरांना चार्ल्स पूल जोडतो. बहुतेक गाइड जुन्या शहरातून सुरुवात करून शेवटी किल्ला चढवतात, तेव्हा माणसे थकलेली असतात. आपण गाइडला उलट क्रमाने चालायला सांगावे. बावीस क्रमांकाची ट्राम थेट वरच्या बाजूला सोडते आणि मग सगळा रस्ता उताराचा राहतो. आपण रामटेकला गाडीने गडावर जाऊन पायऱ्यांनी अंबाळा तलावाकडे उतरतो, तसेच हे आहे.

इतिहासाच्या शिक्षिकेसाठी तर हाच क्रम योग्य आहे, कारण या वाटेवर ते युद्ध सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाहता येते. 23 मे 1618 रोजी प्रॉटेस्टंट सरदारांनी कॅथलिक सम्राटाचे दोन अधिकारी आणि त्यांचा एक सचिव अशा तिघांना त्या खिडकीतून खाली फेकले. तिघेही वाचले, पण युद्ध पेटले. 8 नोव्हेंबर 1620 ला शहराजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत बंडखोरांचा पराभव झाला आणि 21 जून 1621 रोजी जुन्या शहराच्या चौकात सत्तावीस जणांना मृत्युदंड दिला गेला. जुन्या नगरभवनासमोरच्या फरसबंदीत त्यांच्या आठवणीचे सत्तावीस पांढरे क्रूस बसवलेले आहेत. लोक घड्याळाकडे पाहत त्यांच्यावरून चालत जातात. 1648 मध्ये स्वीडिश सैन्याने किल्ला आणि डावा तीर घेतला, पण पूल ओलांडून त्यांना जुन्या शहरात शिरता आले नाही. म्हणजे ज्या शहरातील खिडकीपासून युद्ध सुरू झाले, त्याच शहराच्या पुलावर त्याची अखेरची झुंज झाली. पुलाच्या जुन्या शहराकडील बुरुजाची नदीकडची बाजू आजही सपाट दिसते, कारण तिच्यावरील शिल्पे त्याच लढाईत नष्ट झाली. ही गोष्ट आमच्या गाइडने बुरुजाखाली थांबवून सांगितली नसती, तर आम्ही दुसऱ्या बाजूच्या सुंदर मूर्ती पाहून पुढे निघून गेलो असतो.

किल्ल्यातील सेंट व्हायटस कॅथीड्रल मात्र घाईने पाहू नये. त्याचे काम 1344 मध्ये सुरू झाले आणि 1929 मध्ये पूर्ण झाले. पूर्वेकडचा भाग मध्ययुगीन आहे आणि पश्चिमेकडचा बराचसा एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला आहे. मधला सांधा कुठे आहे हे गाइडला दाखवायला सांगा.

महालची पाऊलवाट:

वरील उत्तरात मला एक महत्त्वाची दुरुस्ती करायची आहे. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे अधिक त्रासाचे असते आणि किल्ल्याखालच्या नेरुदोवा रस्त्याला तीव्र उतार असून सगळीकडे दगडी फरशी आहे. माझ्या आईला मी हौसेने तिथून चालत उतरवले आणि पुढचा संपूर्ण दिवस ती हॉटेलच्या खोलीत पडून राहिली, याची मला अजूनही रुखरुख वाटते. त्यामुळे किल्ला पाहून झाल्यावर पुन्हा बावीस क्रमांकाच्याच ट्रामने मालोस्त्रान्स्के नामेस्ती या चौकापर्यंत खाली यावे आणि तिथून पूल चालत पार करावा. पूल 516 मीटर लांब आहे, त्यावर वाहने नाहीत आणि काकू अंबाझरीला रोज चालतात त्यापेक्षा हे अंतर जास्त नाही. जाड तळव्याचे बूट मात्र इथूनच घालून सवय करून न्यावेत.

गाइड तिन्ही दिवस घेऊ नका. एक पूर्ण सकाळ पुरे. कितीही चांगला गाइड असला, तरी चार तासांनंतर ऐकणाऱ्याचे लक्ष टिकत नाही आणि मग सगळे राजे एकसारखे वाटू लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला पुलावर जाऊन नुसते बसावे. पुलावरील तीस मूर्तिसमूहांपैकी बरेचसे आता प्रतिकृती आहेत, मूळ दगड इतरत्र जपून ठेवले आहेत, तरीही पहाटेच्या उजेडात नदीवर त्यांच्या रांगा पाहताना मन भरून येते. ज्यू वस्ती पाहायची असेल तर शनिवार टाळावा, कारण त्या दिवशी तिथली सिनेगॉग आणि जुनी दफनभूमी बंद असतात. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींच्या अत्याचारांत मारल्या गेलेल्या सुमारे 78,000 ज्यू स्त्रीपुरुषांची नावे हाताने लिहिलेली आहेत. तिथे गाइडचे बोलणेही नको वाटते.

तिथले चलन कोरुना आहे, युरो नाही. चौकाजवळच्या चलन बदलून देणाऱ्या दुकानात आम्हाला फार वाईट दर मिळाला. हजार युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क तिथल्या कायद्याने ग्राहकाला दिला आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. म्हणून पावती जपून ठेवावी.

पंचांगप्रेमी:

घड्याळाविषयी कोणीच सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. प्रत्येक तासाला वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषितांच्या मूर्ती सरकतात, बाजूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो आणि मग कोंबडा आरवतो. जमलेली गर्दी तेवढे पाहून पांगते. गाइडही तेवढेच दाखवतात. खरे घड्याळ त्याच्या खाली आहे आणि ते आपल्याकडच्या माणसाला इतर प्रवाशांपेक्षा लवकर समजते, असा माझा अनुभव आहे.

हे घड्याळ 1410 सालचे आहे. त्याच्या तबकडीवर सर्वांत बाहेर एक काळे कडे असून त्यावर सोनेरी जुन्या अक्षरांत एक ते चोवीस अंक आहेत. हा जुना चेक काळ असून त्यात दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो, आणि सूर्यास्त रोज थोडा सरकतो म्हणून हे कडेही वर्षभर मागेपुढे होत राहते. आपण पंचांगात सूर्योदयापासून घटका-पळे मोजतो, तिथे त्यांनी सूर्यास्त धरला, एवढाच फरक. तबकडीवर याशिवाय सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा भागही आखलेले आहेत, ते उन्हाळ्यात मोठे आणि हिवाळ्यात लहान होतात. आपल्या राहुकाळाची गणना करताना दिनमानाचे आठ भाग पाडतात, त्यामागेही दिवसाची लांबी बदलते हेच तत्त्व आहे. मधल्या लहान कड्यावर बारा राशी आहेत. सूर्याचा काटा आणि चंद्राचा काटा त्यांवरून फिरतात, आणि अर्धा काळा, अर्धा चंदेरी असलेला चंद्राचा गोल स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. मी शुद्ध अष्टमीच्या दिवशी तिथे होतो. गोल बरोबर अर्धा उजळलेला होता आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही.

आणखी एक. हे घड्याळ हानुश नावाच्या कारागिराने बनवले आणि तसे दुसरे बनवता येऊ नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे काढले, ही कथा गाइड हमखास सांगतात. ती खरी नाही. घड्याळ कादान गावच्या मिकुलाशने बनवले असून त्यामागचे खगोलगणित यान शिंडेल या विद्वानाचे मानले जाते. काकू इतिहासाच्या आहेत, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

प्रतापनगरकर:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना ही सगळी उत्तरे वाचून दाखवली. सत्तावीस क्रूस आणि पुलावरची लढाई आपल्याला ठाऊकच नव्हती, धड्यात खिडकी होती आणि पुढे थेट 1648 चा तह होता, असे त्या म्हणाल्या. आम्ही तीन रात्रींचा मार्ग निश्चित केला आहे. त्यांचा एकच प्रश्न आहे. राजवाड्याच्या आत त्या खोलीपर्यंत जाताना जिने किती आहेत?

धंतोलीकर:

तिसऱ्या चौकातून राजवाड्यात शिरल्यावर आधी व्लादिस्लाव दालन लागते आणि ती खोली त्याला लागूनच आहे, त्यामुळे तिथवर मोठा जिना चढावा लागल्याचे मला आठवत नाही. बाहेर पडताना मात्र ज्या जिन्याने सरदार घोड्यांवर बसून दालनात येत असत तो उतरावा लागतो. त्याच्या पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत. यजमानांनी हात धरावा आणि मागून येणाऱ्या गटांना आधी पुढे जाऊ द्यावे. गाइडला सकाळी लवकर यायला सांगा आणि राजवाडा सर्वांत आधी पाहा.