मदत हवी आहे: बाजारपेठेतलं पार्किंग – आधी मोजणी की आधी दर?

नमस्कार मंडळी,

आमच्या छोट्या शहराच्या पार्किंग समितीवर मी आहे. व्यापाऱ्यांची मागणी एकच, बहुमजली वाहनतळ बांधा. मला ते पटत नाही. मुख्य रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही, त्याच वेळी मागच्या गल्लीतला वाहनतळ अर्धा रिकामा असतो. दुकानदार सकाळी शटर वर करतो आणि स्वतःची गाडी दारातच लावतो, ती रात्रीपर्यंत हलत नाही. शेजारी कामगारांच्या गाड्या. गिऱ्हाईक दोन चकरा मारतं आणि निघून जातं. वर 'गिऱ्हाइकाला पार्किंग नाही' म्हणून ओरडणारे हेच!

सध्या दोन तास मोफत आहे. तपासनीस टायरवर खडूने खूण करतो. लोक मधेच येऊन गाडी चार हात पुढे घेतात, की झाले नवे दोन तास सुरू.

शुल्क लावलं तर गिऱ्हाईक तुटेल, या भीतीला काय उत्तर द्यायचं? आणि कामगारांनी गाड्या कुठे लावायच्या? त्यांच्या पगारातून रोजचं शुल्क काढणं मला बरोबर वाटत नाही. कुणी हे काम केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १

आधी मोजणीच. नाहीतर बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. एक साधा दिवस आणि एक गर्दीचा दिवस निवडा. दर तासाला रस्त्याच्या एकेका बाजूने चालत नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे लिहून घ्या. पूर्ण नंबर नको, उगाच तक्रारी येतात. जागा किती भरल्या आणि कोणती गाडी किती वेळ होती, दोन्ही त्यातून निघतं. दुचाक्या वेगळ्या मोजा. मागचा वाहनतळही त्याच वेळी मोजा, तोच तुमचा पुरावा.

भीतीबद्दल: पहिलं पार्किंग मीटर (गाडी लावायचे पैसे घेणारं यंत्र) 1935 मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत बसलं, तेच मुळी कामगारांच्या दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांमुळे. तुमचंच दुखणं! दराबाबत पार्किंगचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांचा ठोकताळा असा की जागा साधारण 85 टक्के भरलेल्या राहतील इतकाच दर ठेवावा, म्हणजे सात-आठ जागांत एक मोकळी मिळते. सॅन फ्रान्सिस्कोने 2011 पासून गर्दीप्रमाणे दर बदलून पाहिले, तेव्हा बऱ्याच रस्त्यांवर ते उतरलेही. पण पैसा कुठे जाणार हे आधी ठरवा. कॅलिफोर्नियातल्या ओल्ड पासाडेना या बाजारभागात 1993 मध्ये मीटर आले तेव्हा उत्पन्न त्याच भागातल्या फुटपाथ, दिवे आणि सफाईवर खर्च करायचं ठरलं, म्हणून दुकानदार तयार झाले.

कामगारांना मागच्या वाहनतळाचा मोफत पास द्या. मात्र तिथे रात्री उजेड हवा, नाहीतर बायका तिकडे गाडी लावणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. एक अडचण: रस्त्यावर चौकटी आखलेल्याच नाहीत. मग टक्के कशाचे काढू?

प्रतिसाद १

टेप घेऊन लांबी मोजा. कोपरे, फाटकं आणि बसथांबा वजा करा, उरलेल्या लांबीला सहा मीटरने भागा. रस्त्याला समांतर लागणाऱ्या चारचाकीसाठी तेवढं धरतात. दुचाक्यांचा पट्टा आधीच बाजूला काढा.